करडा, पण कुठला?

फोटो लॅबच्या काउंटरवर कृष्णधवल प्रिंट हातात घेऊन गिऱ्हाईक मान तिरकी करतं आणि विचारतं, ‘जरा हिरवट वाटतेय का हो?’ आतून उत्तर येतं, ‘ट्यूबलाइटमुळे वाटतंय, बाहेर उजेडात बघा.’ बाहेर नेली की तीच प्रिंट कधी गुलाबी होते, कधी आणखी हिरवी. भांडण मिटत नाही, कारण दोघांचंही बरोबर असतं. प्रिंटमध्ये रंग आहे, आणि तो उजेडाप्रमाणे बदलतोही आहे.

इंकजेटवर कृष्णधवल छापणं म्हणजे रंग काढून टाकणं, असा समज असतो. प्रत्यक्षात करडा हा तिथे घडवावा लागणारा रंग आहे, आणि तोही सगळ्यांत नाजूक. लाल साडी थोडी केशरीकडे झुकली तर कुणी हटकत नाही. करडा एका अंशाने हिरव्याकडे सरकला की आजोबांचा चेहरा आजारी दिसायला लागतो.

आधी करडा बनतो कसा ते पाहू. आपल्याकडे घरोघरी आणि गल्लोगल्ली दिसणारा सहा रंगांचा टँकवाला फोटो प्रिंटर घ्या. त्यात काळी, सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळी, फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा अशा सहा डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, शाया असतात. काळी एकच. फिक्या भागात, म्हणजे आकाश, पांढरा सदरा, कपाळावरचा उजेड अशा ठिकाणी काळ्या शाईचे ठिपके विरळ टाकले तर ते डोळ्याला टोचतात. मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं. म्हणून ड्रायव्हर, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, तिथे काळी जवळजवळ वापरतच नाही. फिकी सायन, फिकी मॅजेंटा आणि पिवळी यांच्या मिश्रणातून तो करडा जमवतो. तुम्हाला राखाडी दिसणारं आकाश खरं तर तीन रंगांची तारेवरची कसरत असते. त्यातली फिकी मॅजेंटा पाच टक्के कमी पडली की आकाश हिरवं. फिकी सायन कमी पडली की गुलाबीसर, पिवळी कमी पडली की जांभळट निळं.

म्हणून प्रिंट हिरवी आली की सेटिंगमध्ये शिरण्याआधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारी चाचणीची छपाई, काढायचा. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो: फिक्या मॅजेंटाच्या जाळीत दोन-चार रेघा गायब. रंगीत फोटोत एवढ्याने काही कळलंही नसतं. नोझल चेक स्वच्छ असूनही टोन, म्हणजे करड्यातली झाक, बिघडला असेल तर पुढचा प्रश्न, बाटलीतली शाई मूळ कंपनीची आहे की बाजारातली? स्वस्त शाई रंगीत छपाईत खपून जाते. करड्यात तिचं बिंग फुटतं, कारण तिच्या तीन रंगांचं आपसातलं प्रमाण ड्रायव्हरने गृहीत धरलेल्या प्रमाणाशी जुळत नाही.

‘मग ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केल निवडलं की झालं!’ हा सल्ला वारंवार मिळतो. सहा शायांच्या प्रिंटरवर त्याने प्रश्न सुटत नाही. काही ड्रायव्हर तरीही रंगीत शाया मिसळतात आणि नको असलेली झाक तशीच राहते. काही फक्त काळी वापरतात आणि फिक्या भागात ती मिरपूड येते. ‘फक्त काळी’ ही मॅट कागदावर मात्र वापरून बघण्यासारखी गोष्ट आहे. खडबडीत कागद, दाणेदार फोटो, पावसाळी रस्ता असा विषय असेल तर तो दाणा शोभतो. लहान मुलाच्या चेहऱ्यावर नाही.

यातून खरी वाट निघाली ती करड्या शायांची. काळ्या शाईचीच पातळ भावंडं वेगळ्या कार्ट्रिजमध्ये भरली, की फिक्या भागातही करडा करड्यानेच छापता येतो. एप्सनने २००५मध्ये के३ शाया आणल्या, त्या नावातला तीन हा आकडा याचाच: काळी, फिकी काळी आणि त्याहून फिकी काळी. त्याच पिढीबरोबर ड्रायव्हरमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ हा मोड आला. कॅननच्या मोठ्या फोटो प्रिंटरांत मॅट काळी, फोटो काळी, करडी आणि फोटो करडी अशी चौकडी असते. अशा कृष्णधवल मोडमध्ये प्रिंटचा बहुतेक भार करड्या शाया उचलतात. सायन, मॅजेंटा आणि पिवळी फक्त चवीपुरती.

मग ती चव तरी कशाला? कारण काळी शाई काळी नसते.

पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांची, काळी शाई म्हणजे मुळात कार्बन, म्हणजे काजळच. पूर्वी पोथ्या लिहायला दिव्याचं काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून शाई करत. ती दाट असताना कुळकुळीत दिसते, पण एक थेंब पाण्यात सोडून पसरवला की कडेला तपकिरी झाक दिसते. कार्बनचे कण जितके बारीक, तितका ते निळा प्रकाश जास्त गिळतात आणि उरलेला उजेड उबदार दिसतो. जपानी सुमी शाईतही हाच भेद आहे: तेलाच्या काजळीची शाई तपकिरी झुकते, पाइनच्या लाकडाच्या काजळीची निळसर. डार्करूममधली चांदीही याच नियमाने चालायची. क्लोराइडच्या कागदावर चांदीचे कण बारीक, म्हणून टोन उबदार. ब्रोमाइडच्या कागदावर कण मोठे, म्हणून टोन थंड.

तेव्हा निव्वळ कार्बन शायांनी छापलेली प्रिंट मॅट कागदावर मधल्या छटांत स्पष्ट उबदार येते. अगदी गडद काळ्यात ती जवळपास निर्विकार, म्हणजे कुठल्याच रंगाकडे न झुकणारी, असते; सगळ्यात तपकिरी दिसते ती मध्यावर. तिला निर्विकार करायचं तर तिच्यात थोडी सायन आणि किंचित मॅजेंटा मिसळावी लागते. मेख इथेच आहे. कार्बन शतकभर जागचा हलत नाही; मिसळलेले रंग हळूहळू उडतात, आणि सगळे सारख्या वेगाने उडत नाहीत. प्रिंट जितकी थंड केली, तितका तिच्यात रंग जास्त आणि तितकी पुढे तिचा टोन बदलण्याची शक्यता जास्त. उबदार टोन केवळ चवीचा विषय नाही, तो टिकण्याचाही आहे. पण इथे एक फसगत होते: ड्रायव्हरमधला ‘सेपिया’, म्हणजे जुन्या फोटोसारखा तपकिरी टोन, निवडला तर ती ऊब कार्बनची नसते, पिवळ्या शाईची असते, आणि टिकाऊपणात पिवळी बहुधा कच्चा दुवा. ऊब हवी तर ती कागदातून आणि कार्बनमधून घ्यावी, पिवळ्यातून कमीत कमी.

टोनबद्दल बोलताना ‘थोडा वार्म’, ‘जरा कूल’ यावर भागत नाही. दोन माणसांचं ‘जरा’ कधी जुळत नाही. त्यासाठी एल, ए आणि बी अशा तीन आकड्यांची, ‘लॅब’ नावाची रंग मोजायची पट्टी वापरतात (फोटो लॅबशी तिचा संबंध नाही). तीत एल म्हणजे उजळपणा, शून्य ते शंभर. ए उणे असेल तर हिरवं, अधिक असेल तर लालसर. बी उणे म्हणजे निळं, अधिक म्हणजे पिवळं. ए आणि बी दोन्ही शून्य म्हणजे निर्विकार. मध्यम करड्यात बी ३-४ असेल तर प्रिंट सौम्य उबदार वाटते. १०च्या पुढे गेला की सेपियाचा प्रांत. ए अधिक १ ते २ आणि बी उणे १ ते २ असेल तर डार्करूममध्ये सेलेनियमच्या रसायनातून काढलेल्या जुन्या प्रिंटसारखी जांभळट थंड झाक येते, आणि काळा आहे त्याहून खोल भासतो. सगळ्यांत वाईट म्हणजे ए उणे. बी चार अंश पुढे-मागे झालेला खपतो, ए उणे दीड झाला तरी लोक ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणतात. म्हणून नेमका शून्य गाठता येत नसेल तर चूक लालसर बाजूला करावी.

एकच आकडा पाहूनही भागत नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या उड्या घेत २१ चौकोनांची पट्टी छापायची आणि प्रत्येक चौकोन स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने मोजायचा. चांगल्या प्रिंटमध्ये ए आणि बी कागदाच्या पांढऱ्यापासून निघून काळ्याकडे हळूहळू, एका दिशेने जातात. वाईट प्रिंटमध्ये ते वळवळतात: फिक्या भागात गुलाबी, मध्यावर हिरवट, शेवटी पुन्हा तांबूस. याला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि तो एका स्लायडरने जात नाही. मध्यावरचा हिरवा काढायला मॅजेंटा वाढवली की फिका भाग आणखी गुलाबी. रंगीत प्रोफाइलमधून, म्हणजे ठरावीक प्रिंटर, शाई आणि कागदासाठी रंग जुळवणाऱ्या फाइलमधून, कृष्णधवल छापताना हे हमखास होतं, कारण प्रोफाइल बनवताना करड्याचे चौकोन मोजके असतात आणि मधली जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. बारीक पायऱ्यांचे करडे चौकोन वाढवून प्रोफाइल केलं तर फरक पडतो.

ड्रायव्हरच्या कृष्णधवल मोडमध्ये छापताना क्रम असा. फोटोशॉपमध्ये रंगाचा ताबा प्रिंटरकडे द्यायचा, प्रोफाइल लावायचं नाही. दोघांनी एकाच वेळी सुधारणा केली की टोन आणि गडदपणा दोन्ही बिघडतात. मीडिया टाइप, म्हणजे कागदाचा प्रकार, नीट निवडायचा, कारण किती शाई टाकायची आणि मॅट काळी घ्यायची की फोटो काळी हे त्यावर ठरतं. कापसाच्या मॅट कागदाला चुकून ग्लॉसी मीडिया दिला तर फोटो काळी वापरली जाते आणि सगळी प्रिंट राखेसारखी फिकट येते. एप्सनच्या मोडमध्ये न्यूट्रल, कूल, वार्म, सेपिया असे तयार पर्याय आहेत, शिवाय एक रंगचक्र आहे. तयार पर्यायांतला वार्म बहुतेकांना भडक वाटतो. न्यूट्रलपासून सुरुवात करून चक्रावरचा ठिपका दोन-तीन अंशांनी हलवत जावं. गडदपणाचं सेटिंग बऱ्याच ड्रायव्हरमध्ये आधीपासून ‘डार्कर’वर असतं, सावल्या बुजत असतील तर एक पायरी खाली उतरावं. या मोडची मर्यादा इतकीच की तो कंपनीच्या स्वतःच्या कागदांसाठी बेतलेला असतो. दुसऱ्या कागदावर त्याचा न्यूट्रल न्यूट्रल राहत नाही.

ज्यांना याहून पुढे जायचंय त्यांच्यासाठी रॉय हॅरिंग्टन यांचा क्वाडटोन रिप हा ड्रायव्हरच्या जागी वापरायचा प्रोग्रॅम आहे. तो मुख्यतः एप्सनच्या प्रिंटरांवर चालतो. त्यात कुठली शाई कुठल्या छटेला किती पडावी हे तुम्ही ठरवता. एक वक्र, म्हणजे छटेनुसार शाईच्या प्रमाणाचा आलेख, थंड, एक उबदार, आणि दोघांचं मिश्रण उजेड, मध्य आणि सावली यांत वेगवेगळं ठेवता येतं. सावल्या थंड आणि उजेड किंचित उबदार ठेवला तर प्रिंटला जी खोली येते ती कुठल्या तयार बटणात नाही. याच वाटेवर जॉन कोन यांची पिएझोग्राफी आहे: रंगीत कार्ट्रिज काढून त्या जागी काळ्या-करड्या शायांच्या सात छटांपर्यंत भरायच्या. फिक्या भागातला दाणा त्यात इतका बारीक होतो की भिंगाशिवाय सापडत नाही. पण असा प्रिंटर मग कृष्णधवललाच वाहिलेला. त्यावर रंगीत फोटो निघत नाही. शाया जड असल्याने त्या तळाला बसतात, कार्ट्रिज अधूनमधून हलवावी लागतात. महिन्याला चार प्रिंट काढणाऱ्याने या फंदात पडू नये.

आता काउंटरवरचं ते भांडण. सायन, मॅजेंटा आणि पिवळीतून बनलेला करडा प्रकाशाच्या पट्ट्यातले तीन तुकडे गिळतो, मधल्या फटींतून बाकीचा परत सोडतो. कार्बनचा करडा सगळा पट्टा जवळजवळ सारखा गिळतो. उजेड बदलला की पहिल्या करड्याच्या फटींत वेगळं काहीतरी पडतं आणि रंग बदलतो; दुसरा जागचा हलत नाही. छपाईवाले याला सैलपणे मेटामेरिझम म्हणतात; रंगतज्ज्ञांचा नेमका शब्द ‘कलर इनकॉन्स्टन्सी’. प्रोफाइल आणि प्रमाणित पाहणी ५००० केल्विनच्या डी५० उजेडाला धरून असते. आपल्या घरांत मात्र ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब सर्रास असते, आणि प्रदर्शनाच्या दालनात ३००० केल्विनचे पिवळसर स्पॉट. त्यातही स्वस्त एलईडीत लाल कमी असतो, त्यामुळे मिश्र करडा तिथे हमखास हिरवा पडतो. भिंत ठरलेली असेल तर प्रिंट त्या भिंतीच्या उजेडात पारखावी. ठरलेली नसेल तर रंगीत शाई कमीत कमी असलेली प्रिंट द्यावी.

एक मात्र टाळावं: दोन टोनच्या प्रिंट शेजारी ठेवून निवड करणं. सेलेनियमच्या झाकेशेजारी खरीखुरी निर्विकार प्रिंटही हिरवी दिसते. सेपियाशेजारी तीच निळी. एक प्रिंट बघायची, झाकायची, दोन मिनिटं खिडकीबाहेर बघायचं, मग दुसरी.

कागदाची भानगड शाईइतकीच मोठी आहे, आणि लोक तिकडे उशिरा वळतात. झगझगीत पांढऱ्या कागदात ऑप्टिकल ब्राइटनर असतात. कपड्यांच्या पावडरीत असतात त्याच जातीचे. ते अतिनील किरण घेऊन निळा प्रकाश सोडतात, म्हणून अशा कागदाचा बी उणे ८च्या आसपासही मोजला जातो. ब्राइटनर नसलेल्या कापसाच्या कागदाचा बी अधिक २ ते ४ असतो, सायीसारखा. आता उबदार शाईने झगझगीत कागदावर छापलं तर काय होईल? मध्य तपकिरी, पण जिथे शाई विरळ होते तिथे कागदाची निळाई वर येते. पांढरे केस निळे, चेहरा तपकिरी. प्रिंट मळकट वाटते, आणि का ते कळत नाही. म्हणून उबदार टोनला उबदार कागद, थंड टोनला थंड कागद. एवढं पाळलं तरी निम्मी कटकट वाचते. निर्विकार हवं तर तेही कागदाच्या पांढऱ्याला धरून: उजेडात कागदाचा टोन, तिथून सावकाश शून्याकडे. सायीच्या कागदावर आकडे हट्टाने शून्यावर आणले की फिका करडा निळसर भासतो, कारण डोळा कागदालाच पांढरं मानतो.

काळ्याची खोलीही टोन पालटते. मॅट कागदावर काळ्याची घनता १.६ ते १.७ मिळते, म्हणजे एल १६-१७. बरायटा (डार्करूमच्या कागदासारखा चमकदार कागद) किंवा ग्लॉसीवर २.२-२.३, म्हणजे एल ५च्या आसपास. मॅटवरचा काळा उथळ असल्याने त्यातली झाक डोळ्याला दिसते, बरायटावर तीच झाक अंधारात बुडते. ग्लॉसीचा वेगळा त्रास म्हणजे ब्राँझिंग: प्रिंट तिरपी धरली की काळ्यावर तांब्यासारखी चमक. हा टोन नाही, पृष्ठभागावरचं परावर्तन आहे. कितीही वक्र बदलले तरी जाणार नाही. त्यावर पारदर्शक ऑप्टिमायझर किंवा फवाऱ्याचा थर हाच उपाय.

सेपियाबद्दल थोडं तिरकस बोलायला हवं. जुना फोटो दुरुस्त करायला आला की लोक ‘जुन्यासारखा ब्राउन करा’ म्हणतात. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९६मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला, त्या काळच्या अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या) प्रिंटना बहुधा सुवर्णक्षाराचा टोन दिलेला असे, आणि त्या ताज्या असताना जांभळट तपकिरी असत. आज आपल्याला दिसणारा पिवळा रंग म्हणजे वय आणि ओल. आजीच्या लग्नाच्या फोटोला तो पिवळा पुन्हा चढवणं म्हणजे जखमेची नक्कल करणं. बी ५-६वर थांबावं, ए दोन-तीन ठेवावा. चेहरे जिवंत राहतात.

मोजायचं यंत्र नसेल तर डार्करूमची जुनी युक्ती चालते. ए४ कागदावर एकाच फोटोच्या नऊ लहान प्रती, प्रत्येकी साधारण पाच बाय सात सेंटिमीटर. मधली न्यूट्रल, भोवतीच्या आठ रंगचक्रावर आठ दिशांना थोड्या थोड्या सरकवलेल्या. प्रत्येकीखाली तिचे आकडे छापायचे. करडा पुठ्ठा कापून एकेकीवर खिडकी ठेवायची आणि दिवसाच्या उजेडात, पण थेट ऊन टाळून बघायचं. नवीन कागद आला की हे एकदा करायचं आणि ते पान कागदाच्या पाकिटातच ठेवायचं. खर्च एका कागदाचा.

पण त्याच संध्याकाळी निकाल देऊ नका. ओल्या शाईतलं पाणी आणि ग्लायकॉल उडेपर्यंत टोन हलत राहतो. चोवीस तास थांबावं. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत याहून जास्त लागतात. हवेत ४० ते ६० टक्के आर्द्रता आदर्श. ऐंशीच्या वर कागद वाकतो, शाई पसरते आणि मधल्या छटा गडद येतात, म्हणजे मे महिन्यात बांधलेला वक्र जुलैत चुकतो. विदर्भातल्या एप्रिलमध्ये उलट: शाई सोडणारा प्रिंटहेड सुकतो, आणि आधी डोळ्यात भरतो तो फिक्या शायांचा दोष, कारण कृष्णधवलमध्ये त्या सतत लागतात आणि त्यांची एक रेघ गेली तरी आकाशात पट्टा दिसतो.

आणि एवढं सगळं जमवून प्रिंट फ्रेमवाल्याकडे जाते. तिथली साधी काच हिरवी असते, काचेतल्या लोहामुळे. कडेने पाहिली की बाटलीसारखा रंग दिसतो. समोरून तो जेमतेम जाणवतो, पण ए उणे अर्ध्या अंशाने सरकायला तेवढं पुरतं. अतिनील किरण अडवणारी काच लावली तर ब्राइटनरचा कागद पिवळा पडल्यासारखा दिसतो, कारण त्याची निळाई ज्यावर जगते तेच किरण अडले. लोह कमी असलेली काच किंवा अॅक्रिलिक मागावं, फ्रेमवाला ‘सगळ्या काचा सारख्याच’ म्हणाला तरी. निदान चाचणीची पट्टी त्याच्या दुकानातल्या काचेखाली धरून बघावी, आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीने कागद, शाई, वक्र आणि काच कुठली ते लिहून ठेवावं.